गिनीपिगच्या आधी माणूस

ईदनंतर शाळा उघडली त्या दिवशी सातवीतली एक मुलगी उजवा हात ओढणीखाली लपवून बसली होती. वही दाखव म्हटले तर डाव्या हाताने पुढे केली. दुसरा हात बघितला तेव्हा मनगटापासून बोटांपर्यंत सुरेख वेलबुट्टी होती, पण रंगाची नव्हे, फोडांची. कोनातून जिथे जिथे रेष ओढली होती, तिथे तिथे कातडी लाल होऊन वर आली होती आणि तिच्यावर पाणी भरलेले बारीक फोड होते. नक्षी जशीच्या तशी, एक पाकळीही चुकलेली नाही.

बाजारात 'काळी मेंदी' म्हणून मिळणारा कोन होता तो. आपल्या अंगणातल्या मेंदीच्या पाल्याला रंग चढायला तास न् तास लागतात आणि तो रंग तांबूस तपकिरी असतो. पानात लॉसोन नावाचे द्रव्य असते, त्याचा तो रंग. अर्ध्या तासात कोळशासारखा काळा रंग मेंदी देत नाही. तो देते पॅरा-फेनिलीनडायअमीन, थोडक्यात पीपीडी, म्हणजे केसांच्या काळ्या कलपातले रसायन. दवाखान्यात जा, असे मी तिच्या अम्मीला कळवले. पण त्या मुलीने जो प्रश्न विचारला तो माझ्या डोक्यातून जाईना. ती म्हणाली, "टीचर, मागच्या ईदला हाच कोन लावला होता. तेव्हा काहीच झालं नाही. मग या वेळी कसं झालं?"

हा लेख त्या प्रश्नाच्या मागे मागे जाताना जे वाचले त्याचा आहे. वाचायला बसले ते रसायनाविषयी, आणि पोहोचले एका तुरुंगात.

आधी तिच्या प्रश्नाचे उत्तर. ॲलर्जीला दोन भेटी लागतात. पीपीडीसारखे रसायन आकाराने फार लहान असते. इतक्या लहान रेणूची दखल शरीर एरवी घेत नाही. पण तो रेणू कातडीत शिरून तिथल्या प्रथिनाला चिकटला, की ते प्रथिन शरीराला परके वाटू लागते. कातडीत पहारेकऱ्यासारख्या काही पेशी असतात. १८६८ मध्ये बर्लिनमधल्या पाउल लांगरहान्स नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याला त्या दिसल्या आणि त्या मज्जातंतूंच्या असाव्यात असे त्याला वाटले. त्यांचे खरे काम कळायला पुढे शंभर वर्षे गेली. या पेशी त्या परक्या प्रथिनाची खबर घेऊन जवळच्या लसिका ग्रंथीपर्यंत जातात. तिथे ते रसायन ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशींची फौज तयार होते. याला दहा दिवस, पंधरा दिवस लागतात, आणि या सगळ्या काळात बाहेरून काहीच दिसत नाही. ही पहिली भेट, मागच्या ईदची. दुसऱ्या भेटीला फौज तयार असते, आणि एकदोन दिवसांत कातडीवर लढाई सुरू होते. फोड रसायन पाडत नाही, आपलेच शरीर पाडते.

म्हणून एखादे रसायन ॲलर्जी जडवते का, हे तपासायचे तर कोणाच्या तरी कातडीशी त्याची दोनदा भेट घालून द्यावी लागते. एकदा शिकवायला, मध्ये पंधरा दिवस थांबायचे, मग परीक्षा घ्यायला. आता ते 'कोणाच्या तरी' म्हणजे कोणाच्या, एवढाच या चाचणीचा इतिहास आहे.

मराठी माणसाला यातले काही नवीन नाही. पायात काटा मोडला की बिब्बा तापवून लावायची रीत घरोघर होती, आणि एखाद्याला तो 'उततो' हेही सगळ्यांना ठाऊक होते. शेजारच्याने लावला तर काही नाही आणि याने लावला तर हात सुजून टुम्म, असे का, याला नाव नव्हते, पण त्या घटनेला आपल्या भाषेत नेमके क्रियापद होते. धोबी कपड्यांवर खुणा करायचे ते याच बिब्ब्याच्या रसाने. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर आणि कमरेवर नेमक्या त्या खुणेच्या जागी पुरळ उठू लागली, तेव्हा त्यांच्या लष्करी डॉक्टरांनी १९४३ मध्ये त्यावर लेखच लिहिला. बिब्ब्याचे द्रव्य अमेरिकेतल्या पॉयझन आयव्ही या विषारी वेलीच्या द्रव्याचे सख्खे भावंड आहे. त्यातले कितीतरी सैनिक लहानपणी आपल्या गावातल्या रानात त्या वेलीत लोळलेले असणार. पहिली भेट तिकडे झाली, दुसरी इकडे, धोब्याच्या हातून.

पद्धतशीर तपासणीची सुरुवात झाली ती आजारी माणसाच्या कातडीवरच. योझेफ याडासोन हा ब्रेसलाउ शहरातला त्वचारोगतज्ज्ञ. त्या काळी कितीतरी रोगांवर पाऱ्याचे मलम चोपडत आणि काही रोग्यांना त्याने भयंकर इसब होई. हा पाऱ्याचाच परिणाम आहे का, हे पाहण्यासाठी याडासोनने पाऱ्याचा लेप असलेली छोटी पट्टी रोग्याच्या चांगल्या कातडीवर चिकटवली आणि वाट पाहिली. पट्टीखाली, फक्त पट्टीएवढ्या जागेत, इसब उठले. हे त्याने १८९५ मध्ये ग्रात्स इथे जर्मन त्वचारोगतज्ज्ञांच्या अधिवेशनात मांडले. आज आपण जिला पॅच टेस्ट म्हणतो ती हीच. तेव्हा 'ॲलर्जी' हा शब्दसुद्धा जन्मला नव्हता. तो १९०६ मध्ये व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडवला.

याडासोनची पट्टी फक्त एवढेच सांगत होती, की या माणसाला आधीच ॲलर्जी आहे की नाही. ती रोग्याच्या उपयोगाची चाचणी होती. पण विसाव्या शतकात रंगांचे, रबराचे, औषधांचे कारखाने वाढले, तसा वेगळा प्रश्न उभा राहिला. हे नवे रसायन उद्या हजारो हात हाताळणार आहेत, ते ॲलर्जी जडवेल का? याचे उत्तर मिळवायचे तर ज्याला ॲलर्जी नाही अशा कोणाला तरी ती मुद्दाम जडवून पाहावी लागते. इथून गोष्ट बदलते.

त्या कामाला गिनीपिग आणला तो प्रामुख्याने कार्ल लँडस्टाइनर यांनी. होय, रक्तगट शोधणारे तेच. १९३० चे नोबेल त्यासाठीच मिळाले. (जाता जाता, हा प्राणी गिनीचाही नाही आणि डुक्करही नाही. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात लोक तो घरात पाळतात आणि खातात.) न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये लँडस्टाइनर आणि जॉन जेकब्स यांनी १९३५ मध्ये डायनायट्रोक्लोरोबेंझीन हे रसायन गिनीपिगच्या कातडीत अगदी कणभर टोचायला सुरुवात केली. या रसायनाने कारखान्यातल्या कामगारांना त्वचेचे विकार होतात हे आधीच माहीत होते. काही आठवड्यांनी त्याच गिनीपिगच्या कातडीवर दुसऱ्या जागी तेच रसायन लावले, की लाल चकंदळ उठे. नव्या गिनीपिगला मात्र त्याच मात्रेने काहीच होत नसे.

त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली, आणि ती मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची वाटते. त्यांनी एकाच घराण्यातली बरीच संयुगे घेतली. कोणाच्या रेणूत क्लोरीनचा अणू सैल बसलेला, कोणाच्यात घट्ट. ज्यांच्यातला अणू सैल होता, म्हणजे जी संयुगे दुसऱ्या पदार्थाशी पटकन जोडली जात होती, तीच गिनीपिगला ॲलर्जी जडवत होती. घट्टवाली नाही. म्हणजे गिनीपिगची कातडी जे उत्तर तीन आठवड्यांनी देत होती, त्याचा मोठा भाग काचेच्या नळीत आधीच दिसत होता. हे १९३५-३६ साली. ही तारीख लक्षात ठेवावी, पुढे कामाला येईल.

१९४२ मध्ये लँडस्टाइनर आणि त्यांचे सहकारी मेरिल चेस यांनी ॲलर्जी जडलेल्या गिनीपिगच्या पेशी काढून नव्या गिनीपिगला दिल्या आणि त्याबरोबर ॲलर्जीही त्याच्याकडे गेली. नुसता रक्तद्रव दिला तर जात नव्हती. ही ॲलर्जी पेशी वाहून नेतात हे त्यातून ठरले. पुढच्याच वर्षी लँडस्टाइनर वारले.

युद्धानंतर प्रयोगशाळेतले कुतूहल कंपन्यांची गरज झाली. साबण, शॅम्पू, क्रीम, कलप यांच्या बाजारपेठा झपाट्याने वाढत होत्या. १९६५ मध्ये एडविन ब्यूलर यांनी गिनीपिगवरची एक चाचणी प्रसिद्ध केली. रसायनाची पट्टी सहा तास बंद बांधून ठेवायची, आठवड्यातून एकदा, असे तीन आठवडे. मग दोन आठवडे विश्रांती आणि नंतर परीक्षेची पट्टी. सुई नाही, माणूस उत्पादन जसे वापरतो त्याच्या जवळपासची पद्धत. ही चाचणी आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. पण तिच्यातून मध्यम किंवा सौम्य रसायने निसटून जातात, अशी तक्रार होती. कातडीला जास्तीत जास्त डिवचेल अशी कडक चाचणी हवी, असे काहींना वाटत होते. त्यांच्यातले सर्वांत प्रसिद्ध नाव म्हणजे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे त्वचारोगतज्ज्ञ आल्बर्ट क्लिगमन.

क्लिगमन हे साधे नाव नाही. मुरुमांवर आणि सुरकुत्यांवर डॉक्टर लिहून देतात ते ट्रेटिनॉइनचे मलम त्यांच्याच कामातून आले. १९५१ मध्ये फिलाडेल्फियातल्या होम्सबर्ग तुरुंगात कैद्यांच्या पायांना बुरशीचा त्रास झाला म्हणून त्यांना बोलावले गेले. ते गेले, आणि समोर एकाच जागी शेकडो पुरुषांची कातडी पाहून त्यांना शेतजमीन पाहिलेल्या शेतकऱ्यासारखे वाटले; हे मी रचून सांगत नाही, त्यांनी स्वतः वापरलेली उपमा याच जातीची होती. ॲलन हॉर्नब्लम या लेखकाने १९९८ मध्ये या तुरुंगावर लिहिलेल्या पुस्तकाला तीच नाव म्हणून दिली. 'एकरभर कातडी' असे त्याचे मराठी होईल.

तेथे वीस वर्षांहून अधिक काळ प्रयोग चालले. कैदी बहुतांश काळे होते. त्यातले कितीतरी जण शिक्षा झालेलेही नव्हते. जामिनाचे पैसे नाहीत म्हणून खटल्याची वाट पाहत आत पडलेले. तुरुंगातल्या कामाचे दिवसाला काही सेंट मिळत, प्रयोगाचे डॉलर मिळत. कागदावर सही असे. ज्याच्याकडे सुटकेपुरते पैसे नाहीत आणि ज्याला पैसे मिळवायचा हा एकच बरा मार्ग दिसतो, त्याच्या सहीला आम्ही उर्दूत 'रजामंदी' म्हणणार नाही. त्याला 'मजबूरी' असा दुसरा शब्द आहे. १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग इथे अमेरिकन न्यायाधीशांनीच नाझी डॉक्टरांना शिक्षा सुनावताना लिहून ठेवले होते, की माणसावरच्या प्रयोगाला त्याची मोकळी, दबावाविना दिलेली संमती हवी. होम्सबर्गचे प्रयोग त्यानंतर चार वर्षांनी सुरू झाले.

१९६६ मध्ये क्लिगमन यांनी रसायनांची ॲलर्जी माणसावर तपासण्याविषयी लेखमालाच प्रसिद्ध केली आणि तिच्यात 'मॅक्सिमायझेशन टेस्ट' मांडली. पंचवीस माणसांचा गट. आधी सोडियम लॉरिल सल्फेट, म्हणजे साबणात फेस आणणारे द्रव्य, चोवीस तास बांधून कातडी चुरचुरती करायची, कारण दुखावलेल्या कातडीत रसायन सहज शिरते. मग त्याच जागी तपासायचे रसायन अठ्ठेचाळीस तास. असे पाच वेळा. विश्रांती, आणि मग नव्या जागी परीक्षेची पट्टी. पंचवीसपैकी किती जणांना फोड आले ते मोजायचे आणि रसायनाला सौम्य ते अतितीव्र अशा पाच वर्गांत बसवायचे. शरीर एकदा शिकलेली ॲलर्जी सहसा विसरत नाही. पट्टी काढली, डॉलर हातात पडले, माणूस सुटला, तरी ती ॲलर्जी त्याच्याबरोबर तुरुंगाबाहेर गेली. चाचणी यशस्वी झाली याचा अर्थच तो.

आता पुढची तारीख पाहा. १९६९. स्वीडनचे बेर्टिल मॅग्नुसन आणि हेच क्लिगमन यांनी 'गिनीपिग मॅक्सिमायझेशन टेस्ट' प्रसिद्ध केली. नाव तेच, कल्पना तीच, पट्टीची तीच मांडणी, साबणाचे तेच द्रव्य. फक्त माणसाच्या जागी गिनीपिग, आणि माणसावर जे करता येत नव्हते ते थोडे जास्तीचे. वर्गही पाचच: ८ टक्क्यांपर्यंत प्राण्यांना पुरळ आली तर सौम्य, २८ पर्यंत त्याच्या वरचा वर्ग, मग ६४, मग ८०, आणि त्यापुढे अतितीव्र. गणिताच्या तासाला बदली शिक्षिका म्हणून जाणारीच्या नजरेतून हे आकडे सुटत नाहीत. ८, २८, ६४, ८० सगळ्यांना चारने भाग जातो. कोणत्याही शंभरीला पाच भाग करायला सांगा, २०-४०-६० असे करील. २८ आणि ६४ कोणी घेत नाही. पंचवीसच्या गटाचे टक्के काढले तरच असे आकडे पडतात: दोन, सात, सोळा, वीस. ती पंचवीसची पट्टी माणसांच्या चाचणीतली.

मराठीत, इंग्रजीत, सगळीकडे आपण म्हणतो, 'आमचा गिनीपिग केला'. म्हणजे जनावरावर करायचे ते माणसावर केले. या चाचणीपुरते ते उलटे आहे. इथे आधी कैदी होता आणि गिनीपिग त्याच्या जागी नंतर आला.

गिनीपिगची ही चाचणी पुढे जगभराच्या नियमांत शिरली. ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेने रसायनांच्या चाचण्यांचे सामाईक नियम केले आहेत. त्यात क्रमांक ४०६ खाली ब्यूलर आणि मॅग्नुसन-क्लिगमन या दोन्ही पद्धती आहेत. किमान दहा गिनीपिग तपासणीचे, पाच तुलनेचे. पहिल्या दिवशी खांद्याजवळचे केस कापून सहा टोचण्या. त्यातल्या काहींत फ्रॉइंडचे ॲडज्युव्हंट, म्हणजे खनिज तेलात घोटलेले क्षयाच्या जातीचे मेलेले जंतू, शरीराची प्रतिकारशक्ती खवळवण्यासाठी. त्या टोचण्यांच्या जागा चिघळतात, दुखतात. आठवड्याने त्यावर अठ्ठेचाळीस तासांची पट्टी. तिसऱ्या आठवड्यात कुशीवर परीक्षेची पट्टी, आणि मग एक माणूस वाकून बघतो आणि शून्य ते तीन गुण देतो: काही नाही, तुरळक लाली, सलग लाली, लाली आणि सूज. दहातल्या तिघांना आली की रसायन दोषी. एवढ्या यातनेनंतर निकाल शेवटी कोणाच्या तरी डोळ्याच्या अंदाजावर, हे मला खटकत राहते.

आणि तो गिनीपिगचा निकाल माणसाला लागू पडतोच असे नाही. ही शंका नवी नाही. उर्दूत 'तजुर्बा' म्हणजे अनुभवही आणि प्रयोगही. मूळ अरबी शब्दातच दोन्ही अर्थ आहेत. त्या शब्दाच्या माणसांनी यावर विचार केला होता. अर-राझीने दहाव्या शतकाच्या सुमारास घरच्या माकडाला पारा पाजून त्याचे काय होते ते पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. आणि इब्न सीनाने 'अल-कानून'मध्ये औषध पारखण्याच्या अटी देताना शेवटची अट अशी घातली, की परीक्षा माणसाच्या शरीरावर व्हावी, कारण जे औषध माणसाच्या प्रकृतीला उष्ण तेच सिंहाला किंवा घोड्याला थंड असू शकते. उष्ण-थंडाचे ते शास्त्र आता राहिले नाही, पण शंका राहिली. निकेल घ्या. खोट्या दागिन्यांनी, पट्ट्याच्या बकलाने, घड्याळाने ज्यांना खाज सुटते त्यांना माहीत आहे. माणसात स्पर्शाने होणाऱ्या ॲलर्जीच्या कारणांत निकेल जगभर वरच्या क्रमांकावर आहे. प्राण्यांच्या चाचण्यांत मात्र ते कित्येकदा हातातून निसटते.

इब्न सीनाचे वाक्य हाताशी धरून क्लिगमनचे समर्थन करायला निघाल्यास कोणी अडवणार नाही. माणसावरच कळते ना, मग माणसावरच पाहा. पण माणूस म्हणजे कोणता माणूस, हा प्रश्न 'अल-कानून'च्या त्या अटीत नाही आणि होम्सबर्गमध्ये त्याचे उत्तर भिंती बांधल्या तेव्हाच ठरले होते. टस्कीगीचे प्रकरण १९७२ मध्ये उघडकीस आले, गरमीने आजारी असलेल्या काळ्या पुरुषांना चाळीस वर्षे उपचाराविना ठेवल्याचे, आणि त्या गदारोळात १९७४ मध्ये होम्सबर्गचे प्रयोगही थांबले. २००० मध्ये सुमारे तीनशे माजी कैद्यांनी दावा लावला. मुदत टळली म्हणून तो निकालात निघाला. क्लिगमन २०१० मध्ये वारले. तुरुंगातले प्रयोग बंद करणे हीच चूक झाली, असे ते उतारवयातही म्हणत. त्यांच्या विद्यापीठाने २०२१ मध्ये माफी मागितली, फिलाडेल्फिया शहराने २०२२ मध्ये.

गिनीपिगची सुटका झाली ती करुणेने कमी आणि मोजमापाने जास्त. ब्रिटनमध्ये इयन किंबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात साधा विचार केला: फौज लसिका ग्रंथीत तयार होते, तर फोडांची वाट कशाला पाहायची, ग्रंथीतच बघू. उंदराच्या कानावर तीन दिवस रसायन लावायचे. सहाव्या दिवशी शेपटीच्या शिरेतून किरणोत्सारी खूण असलेले थायमिडिन द्यायचे, पाच तासांनी उंदीर मारून कानाजवळच्या ग्रंथी काढायच्या आणि पेशी किती वाढल्या ते यंत्राने मोजायचे. तिप्पट किंवा जास्त वाढ म्हणजे रसायन ॲलर्जी जडवणारे. परीक्षेची पट्टीच नाही, त्यामुळे उंदराला ॲलर्जीचा त्रास भोगावा लागत नाही. ती जडण्याच्या वाटेवर असतानाच तो मरतो. याला दया म्हणायचे का, ते वाचकाने ठरवावे. पण अंदाजाच्या जागी आकडा आला, दिवस कमी झाले. २००२ मध्ये ओईसीडीने ही चाचणी ४२९ क्रमांकाने स्वीकारली. तिलाही खोड आहे. साबणातले तेच लॉरिल सल्फेट, जे नुसते चुरचुर करते, ते या चाचणीत ॲलर्जीचे रसायन म्हणून पकडले जाते, आणि निकेल इथेही सुटू शकते.

मग युरोपने टप्प्याटप्प्याने दारे बंद केली: २००४ मध्ये तयार प्रसाधनांची प्राण्यांवर तपासणी बंद, २००९ मध्ये त्यातल्या घटकांची, आणि ११ मार्च २०१३ पासून प्राण्यांवर तपासलेल्या प्रसाधनांची विक्रीच बंद. भारताने २०१४ मध्ये औषधे व प्रसाधने नियमांत बदल करून आधी इथली तपासणी आणि मग बाहेर प्राण्यांवर तपासलेल्या प्रसाधनांची आयात थांबवली. कारखान्यांना पर्याय हवाच होता.

तो सापडला कुठे? १९३६ च्या नळीत. रसायन प्रथिनाला चिकटते का, एवढेच बघायचे. प्रथिनाचे दोन छोटे तुकडे, एकात सिस्टीन, दुसऱ्यात लायसीन, रसायनाबरोबर चोवीस तास ठेवायचे आणि किती उरले ते मोजायचे. ही चाचणी ओईसीडीने २०१५ मध्ये घेतली. लँडस्टाइनरचा सैल अणू नियमांच्या पुस्तकात यायला जवळजवळ ऐंशी वर्षे लागली, आणि मध्ये किती गिनीपिग गेले ते त्यांनाच ठाऊक. अर्थात नुसत्या चिकटण्यावरून सगळे कळत नाही. पीपीडीच घ्या, हवेत आणि कातडीत ते आधी बदलते आणि मग चिकटते. म्हणून जोडीला आणखी दोन चाचण्या आल्या, एक कातडीच्या पेशींवर आणि एक पहारेकरी पेशींसारख्या वागणाऱ्या पेशींवर. तिन्हींपैकी दोघींचे जे म्हणणे तो निकाल, अशी रीत २०२१ मध्ये ४९७ क्रमांकाखाली मान्य झाली.

त्या पेशी कुठून आल्या हे मी शोधले. कातडीच्या पेशी बासष्ट वर्षांच्या एका पुरुषाच्या कातडीपासून जर्मनीत वाढवलेल्या. दुसऱ्या पेशी जपानमधल्या एका वर्षाच्या मुलाच्या रक्तातल्या. त्याला रक्ताचा कर्करोग होता. त्या १९८० पासून जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतच आहेत. जाहिरातीत 'प्राण्यांवर तपासलेले नाही' असे लिहितात ते खरे आहे. या चाचणीत गिनीपिग नाही, उंदीर नाही. माणूस मात्र पुन्हा आहे, बशीत.

माझ्या विद्यार्थिनीचा हात दीड महिन्यात बरा झाला, जागोजागी फिकट डाग राहिले. त्यानंतर त्वचेच्या डॉक्टरांनी तिच्या पाठीवर छोट्या गोल टिकल्यांची रांग चिकटवली, प्रत्येकीत वेगळे द्रव्य. दोन दिवस अंघोळ नाही, पाठ भिजवायची नाही. याडासोनची पट्टी, सव्वाशे वर्षांनंतर. काढली तेव्हा एका टिकलीखालीच लाल वर्तुळ होते, पीपीडीच्या. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिले: केसांचा कलप आयुष्यात नाही, काळी मेंदी नाही.

तो कागद तिने मला दाखवायला आणला. पुढच्या महिन्यात मोठ्या बहिणीचा निकाह होता. "टीचर, अंगणातल्या झाडाची चालेल, असं डॉक्टर म्हणाले," ती म्हणाली. "पण तिला खूप वेळ लागतो ना."